मिस बेनेट म्हणजे नक्की कोणती? जुन्या इंग्रजी कादंबरीतली आडनावं कशी वाचायची

जेन ऑस्टिनची सेन्स अँड सेन्सिबिलिटी संपत आलेली असते, शेवटची थोडी प्रकरणं उरलेली असतात, डॅशवूड मायलेकी जेवायच्या टेबलावर बसलेल्या असतात, आणि एक्सिटरला कामाला गेलेला त्यांचा नोकर थॉमस परत येऊन सांगतो की मिस्टर फेरर्सचं लग्न झालं, तुम्हाला कळलंच असेल. बस, एवढं एकच वाक्य. आणि एलिनॉरचा चेहरा पांढराफटक पडतो, मॅरिअ‍ॅन रडून गोंधळ घालते, आणि पुढची बरीच पानं आपणही एलिनॉरसोबत धरून चालतो की तिचा लाडका एडवर्ड फेरर्स गेला हातचा. मग एडवर्ड स्वतः दारात येतो, एलिनॉर कशीबशी धीर करून विचारते की मिसेस फेरर्स कुठे आहेत, तो गोंधळून म्हणतो आई तर लंडनलाच आहे, ती म्हणते मी मिसेस एडवर्ड फेरर्सबद्दल विचारत होते, आणि मग तो अडखळत अडखळत सांगतो की तुम्हाला मिसेस रॉबर्ट फेरर्स म्हणायचं असेल. एडवर्डचा जिच्याशी साखरपुडा झाला होता त्या लूसीने लग्न केलेलं असतं ते त्याच्या धाकट्या भावाशी!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो धक्का बसला, आनंदही झाला, पण तो प्रसंग नेमका कशावर उभा आहे हे कळलं नव्हतं. मला वाटलं की नोकराने अर्धवट सांगितलं म्हणून घोळ झाला. पण तसं नाहीये. त्या काळच्या इंग्लंडमध्ये वडील हयात नसले की नुसतं 'मिस्टर फेरर्स' म्हणजे घरातला थोरला मुलगाच, धाकट्याला 'मिस्टर रॉबर्ट फेरर्स' असं पूर्ण म्हणायचं, त्यामुळे थॉमसचं वाक्य ऐकणाऱ्या बाईला दुसरा अर्थ लागणं शक्यच नव्हतं. म्हणजे १८११ सालच्या वाचकाला हा धक्का आपल्यापेक्षा दुप्पट जोरात बसला असणार. आणि 'मिसेस फेरर्स' म्हटल्यावर एडवर्डला आई आठवते यातही चूक काही नाही, नियमाने ते नाव आईचंच.

तेव्हापासून मी जुन्या इंग्रजी कादंबऱ्या आडनावांकडे लक्ष ठेवून वाचायला लागले आणि खरं सांगते, पुस्तकं बदलली. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, ज्यांना ऑस्टिन, ब्राँटे बहिणी, डिकन्स वगैरे मुळातून वाचायचेत पण दहा पानांत कोण मिस, कोण मिसेस, कोण लेडी यात हरवायला होतं त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. मराठीत आपण तू, तुम्ही, अरे, अहो यांच्यावर अख्खं नातं तोलतो, कोण कोणाला काय म्हणतंय एवढ्यावरून आपल्याला वय, मान, जवळीक, भांडण सगळं कळतं. इंग्रजीत एकेकाळी 'दाऊ' आणि 'यू' असा फरक होता पण ऑस्टिनच्या काळापर्यंत सुशिक्षितांच्या रोजच्या बोलण्यातून 'दाऊ' गेलेलं होतं, उरलं सगळ्यांना एकच 'यू', राजालाही तेच आणि कुत्र्यालाही तेच. मग ते तोलायचं काम कोणी केलं? नावाने. नुसतं आडनाव, मिस्टर लावून आडनाव, मिस लावून पहिलं नाव, नुसतं पहिलं नाव, ह्या त्यांच्या अहो-जाहो आणि अरे-तुरेच्या पायऱ्या आहेत. तेव्हा संवाद वाचताना 'यू' कडे बघू नका, त्यात काही सापडणार नाही, हाक कशी मारलीय ते बघा.

आता कामाला लागू. पुस्तक उघडलंत की एक कागद घ्या, वही असेल तर उत्तमच, आणि पहिल्या दोनतीन प्रकरणांत भेटणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक चौकट द्या. चौकटीवर आडनाव, आत माणसं, वयाच्या क्रमाने. वयाचा क्रम फार महत्त्वाचा, कारण नियम असा की बिनलग्नाच्या बहिणींपैकी सगळ्यात थोरलीलाच नुसतं मिस आणि आडनाव. प्राइड अँड प्रेज्युडिसमध्ये मिस बेनेट म्हणजे जेन. एलिझाबेथ ही मिस एलिझाबेथ बेनेट, किंवा कॅरोलाइन बिंगली म्हणते तसं मिस एलायझा. आपल्याकडे थोरल्या वहिनी म्हटलं की नाव घ्यायची गरज नसते तसंच काहीसं. सेन्स अँड सेन्सिबिलिटीमध्ये मिस डॅशवूड म्हणजे एलिनॉर, आणि मिस स्टील म्हणजे लूसी नव्हे तर तिची मोठी बहीण अ‍ॅन. थॉमस मात्र लग्नाची बातमी देताना लूसीलाच पूर्वीची मिस स्टील म्हणून टाकतो, नोकरमाणसाच्या बोलण्यातली ही ढिलाईसुद्धा ऑस्टिनने बरोबर टिपलीय.

पण एक पेच आहे आणि इथे बरेच जण अडकतात. थोरली बहीण तिथे हजर नसेल तर धाकटीलाही मिस आणि आडनाव चालतं. म्हणून केंटमध्ये एकटी गेलेली एलिझाबेथ तिथल्या लोकांच्या तोंडी मिस बेनेट होते, आणि लेडी कॅथरिन बागेत तिला झापायला येते तेव्हाही मिस बेनेट म्हणूनच झापते. त्यामुळे 'मिस बेनेट' दिसलं की पटकन जेन असं लिहू नका, आधी बघा की आपण कोणत्या घरात, कोणत्या खोलीत आहोत आणि कोण कोण बसलंय.

आणि ही जागा रिकामी झाली की खालची वर सरकते. ऑस्टिनच्याच एमा कादंबरीतली एमा वुडहाउस धाकटी आहे पण पहिल्या पानापासून ती मिस वुडहाउस, का तर मोठी बहीण इझाबेला लग्न होऊन गेलीय. हे कुणी समजावून सांगत नाही, वाचकाने समजून घ्यायचं असतं. तसंच प्राइड अँड प्रेज्युडिसमधली लिडिया सोळाव्या वर्षी पळून जाऊन, सगळ्या घराची इज्जत टांगणीला लावून शेवटी विकमशी लग्न करून माहेरी येते आणि जेवायला जाताना जेनला सांगते की आता तुझी जागा माझी, तू मागे हो, मी लग्न झालेली आहे. आपल्याला ते नुसतं आगाऊपणाचं वाटतं. आगाऊपणा आहेच, पण नियमाने ती बरोबर आहे, पाच बहिणींत सगळ्यात धाकटी एका आठवड्यात सगळ्यात वर गेली. मिसेस बेनेटना त्याचा आनंद का होतो आणि एलिझाबेथला का सहन होत नाही हे त्या एका रांगेत दिसतं.

मुलग्यांचंही तेच. थोरला नुसता मिस्टर आणि आडनाव, धाकट्याच्या मध्ये पहिलं नाव. एमामध्ये मिस्टर नाइटली म्हणजे थोरला जॉर्ज, धाकटा भाऊ मिस्टर जॉन नाइटली. हे नुसतं ओळखपत्र नाहीये बरं का, यात पैसा आहे, कारण जमीनजुमला बहुतेक वेळा थोरल्याकडे जायचा. मॅन्सफिल्ड पार्कमध्ये मेरी क्रॉफर्ड उघड बोलते की 'मिस्टर एडमंड बर्ट्रम' हे कानाला किती कोरडं आणि बिचारं लागतं, धाकटा भाऊ असल्याचा वास येतो त्याला, लॉर्ड एडमंड किंवा सर एडमंड असतं तर किती छान. तिला एडमंड आवडतो हो, मनापासून आवडतो, पण त्या नावातलं ते धाकटेपण तिला पचत नाही, आणि तिचं पुढे जे काही होतं त्याचं बी या वाक्यात आहे. मी त्या पानावर पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय.

लग्न झालेल्या बायकांकडे येऊ. मिसेस आणि नवऱ्याचं आडनाव हे तर आपल्याला माहीतच आहे, पण एका घरात दोन सुना असल्या की नवऱ्याचं पहिलं नावही लागतं, मिसेस जॉन डॅशवूड, मिसेस जॉन नाइटली. बाईचं स्वतःचं नाव गायबच. आपल्याकडेही लग्नात मुलीचं माहेरचं आडनाव जायचंच, कित्येक घरांत तांदळात नवीन नाव लिहून पहिलं नावही बदलायचे, त्यामुळे आपल्याला हे वाचताना फार परकं वाटू नये. इंग्लंडमध्ये यामागे कायदा उभा होता, लग्नानंतर बाईची कमाई आणि चीजवस्तू नवऱ्याची होऊन जायची, १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ते हळूहळू सुटलं. त्याआधीच्या कादंबरीत आडनाव बदललं याचा अर्थ तिच्या नावावरचं बरंच काही दुसऱ्याचं झालं. डिकन्सच्या ग्रेट एक्स्पेक्टेशन्समध्ये पिपची मोठी बहीण अख्ख्या पुस्तकात 'मिसेस जो' आहे, तिचा स्वभाव एवढा कडक, घर सगळं तिच्या धाकात, आणि नाव मात्र नवऱ्याचं.

मिसेस या शब्दाने मात्र फसू नका. स्वयंपाकीण किंवा हाउसकीपर असेल तर तिला लग्न झालेलं नसलं तरी मिसेस म्हणायचे, तो कामाचा मान होता. आणि त्याच्याही मागे, अठराव्या शतकातल्या पुस्तकात, पोक्त वयाच्या बिनलग्नाच्या प्रतिष्ठित बाईलाही मिसेस लावलेलं सापडतं. तेव्हा मिसेस अमुकचे यजमान कुठे गेले म्हणून पानं उलटत बसण्यात अर्थ नाही.

नोकरांच्या नावात तर अख्खी उतरंड दिसते. साध्या कामवालीला पहिल्या नावाने हाक, बटलर आणि मालकिणीची खास दासी यांना नुसत्या आडनावाने, हाउसकीपरला मिसेस. मॅन्सफिल्ड पार्कमध्ये एक बारीकसा प्रसंग आहे, फॅनीला पार्टीसाठी तयार करायला लेडी बर्ट्रम आपली दासी पाठवते, लेडी बर्ट्रमच्या तोंडी ती नुसती 'चॅपमन', पण ती माळ्यावर फॅनीच्या खोलीपाशी पोचते तेव्हा ऑस्टिन तिला 'मिसेस चॅपमन' म्हणते. एकच बाई. खाली मालकिणीसमोर चॅपमन, वर गरीब भाचीच्या दारात मिसेस चॅपमन. फॅनीचं त्या घरातलं स्थान काय आहे ते यातून कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. आणि पी. जी. वुडहाउस या विनोदी लेखकाचे चाहते तर आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांनी आठवून बघा, बर्टी वूस्टरचा नोकर जीव्हज पहिल्यांदा आला १९१५ मध्ये आणि त्याचं पहिलं नाव रेजिनाल्ड आहे हे वाचकांना कळलं १९७१ मध्ये. छप्पन्न वर्षं तो फक्त आडनाव होता.

आता मित्रांचं. इथे मराठी वाचकाचा सगळ्यात जास्त गैरसमज होतो. पुरुष पुरुषाला नुसत्या आडनावाने हाक मारतो, होम्स वॉटसनला 'वॉटसन' आणि वॉटसन त्याला 'होम्स', एका घरात राहून, एकमेकांसाठी जीव धोक्यात घालून सुद्धा. आपल्याला वाटतं किती तुटक. उलट आहे! मिस्टर काढून टाकलं म्हणजे जवळीक झाली. कॉलेजच्या कट्ट्यावर 'ए जोश्या', 'काय रे कुलकर्ण्या' म्हणतात ना, तेच ते. हे यायचं शाळेतून, मुलांच्या निवासी शाळांत सगळे आडनावानेच ओळखले जायचे, दोन भाऊ असले तर आडनावापुढे मेजर आणि मायनर, म्हणजे थोरला आणि धाकटा. शेरलॉक हे नाव कोण घेतं ते शोधा, त्याचा भाऊ मायक्रॉफ्ट, १८९३ च्या ग्रीक इंटरप्रिटर कथेत, कारण सख्ख्या भावाला आडनावाने हाक मारणार कशी, दोघंही होम्सच. म्हणून मराठीत अनुवाद करताना होम्स-वॉटसनला एकमेकांशी अहो-जाहो करायला लावलं की माझ्या मते मूळातली ती ऊब निघून जाते, 'अरे वॉटसन' हेच बरोबर.

मुलींना असं आडनावाने बोलवलेलं दिसलं तर मात्र थांबा. जेन एअर लोवूडच्या अनाथ मुलींच्या शाळेत जाते तेव्हा बाई हेलनला नुसतं 'बर्न्स' म्हणून ओरडत असतात, आणि शार्लट ब्राँटेला तिथे मुद्दाम सांगावं लागतं की इथे मुलींना आडनावाने हाक मारायचे, जशी इतर ठिकाणी मुलांना मारतात. १८४७ सालच्या वाचकालाही ते खटकेल म्हणून तिने लिहिलंय. त्या मुलींचं घर, लाड, बाईपण सगळं काढून घेतलंय असं त्या एका शब्दात येतं आणि मला ते उपाशीपोटी झोपण्याच्या वर्णनांपेक्षा जास्त लागतं.

आणि हाच जवळिकीचा हक्क नसताना घेतला तर? एमामध्ये मिसेस एल्टन नवीन लग्न होऊन गावात येते आणि एमाच्या घरी भेटायला आल्यावर म्हणते 'नाइटली' छान माणूस आहे. मिस्टर नाही, काही नाही. ती निघून गेल्यावर एमा अक्षरशः पेटते, कालपरवा आलेली बाई, कधी त्यांना पाहिलेलं नाही आणि नाइटली म्हणते! मराठीत कानाला काय लागेल ते सांगते, गावातल्या सगळ्यांनी मान द्यावा अशा माणसाला पाहुणी आलेली सूनबाई अरे-तुरे करतेय. तेवढं ते मोठं आहे. इंग्रजीत फक्त एक 'मिस्टर' गळलाय म्हणून डोळ्यांपुढून निसटतं. तीच बाई पुढे जेन फेअरफॅक्सलाही मिस न लावता जेन फेअरफॅक्स म्हणत सुटते, तेही बघून ठेवा.

म्हणून दुसरं काम सांगते, आणि हे जमलं तर बाकी काही नाही केलंत तरी चालेल. आपल्या कागदावर मुख्य जोडीसाठी एक ओळ ठेवा, तो तिला काय म्हणतो, ती त्याला काय म्हणते, आणि ते कोणत्या प्रकरणात बदललं. मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या साइटवर फुकट आहे, मोबाइलवर उघडून नाव सर्च केलं की सगळे उल्लेख एकामागे एक मिळतात. विलोबी मॅरिअ‍ॅनला नुसतं मॅरिअ‍ॅन म्हणताना एलिनॉर ऐकते आणि त्यावरून ताबडतोब ठरवते की यांचा साखरपुडा झालेला आहे, एवढा तो पुरावा पक्का होता, कारण साखरपुड्याशिवाय असं नाव घेणं कोणी सभ्य माणूस करत नाही. आणि साखरपुडा झालेलाच नसतो. विलोबी कसा माणूस आहे हे ऑस्टिनने तिथेच सांगितलेलं असतं, आपण पुढे गेल्यावर मागे येऊन बघतो. डार्सी मात्र एलिझाबेथला मिस बेनेट म्हणत राहतो आणि शेवटी तिचा होकार मिळाल्यावर बोलता बोलता त्याच्या तोंडून एलिझाबेथ येतं, तेही आधी लाडाची दोन विशेषणं लावून. किती वाट बघायला लावली त्या नावाने! जेन एअरमध्ये रॉचेस्टर मिस एअरवरून जेनवर येतो पण ती 'सर' सोडत नाही, हे दोन्ही बाजूंनी सारखं का होत नाही याचा विचार करत वाचा.

लेडी आणि सर यांचं प्रकरण थोडक्यात उरकते कारण नियम सरळ आहेत. सर नेहमी पहिल्या नावाला लागतो, सर विल्यम, सर वॉल्टर, सर आणि नुसतं आडनाव असं कधीच नाही. त्याची बायको मात्र लेडी आणि आडनाव, लेडी लूकस. मग लेडी कॅथरिन कशी? तिचा नवरा सर लुइस द बर्ग होता, त्या हिशेबाने ती लेडी द बर्ग व्हायला हवी, पण ती अर्लची मुलगी आहे, आणि ड्यूक, मार्क्वेस, अर्ल यांच्या मुलींना जन्मतःच पहिल्या नावामागे लेडी लागतं, लग्नानंतरही राहतं. म्हणजे तिचा तोरा नवऱ्याचा नाही, बापाचा आहे. डार्सीची आई लेडी अ‍ॅन तिची बहीण, आणि डार्सीचं पहिलं नाव फिट्झविल्यम हे आईचं माहेरचं आडनाव, कर्नल फिट्झविल्यम हा मामेभाऊ त्याच घरातला. आईचं आडनाव मुलाचं पहिलं नाव करणं ही त्या लोकांची पद्धत होती, माहेरचं मोठं घराणं विसरायचं नाही म्हणून. त्यामुळे एखाद्या माणसाचं पहिलं नाव आडनावासारखं वाटलं तर आईकडे शोधा, बरेचदा सापडतं. उमरावांचं आडनाव आणि पदवी तर वेगळीच असते, ट्रोलप या कादंबरीकाराचा प्लँटाजनेट पॅलिसर पुढे ड्यूक ऑफ ओम्नियम होतो आणि सगळे त्याला त्या नावानेच ओळखायला लागतात, वहीत दोन्ही नावं एका ओळीत लिहून ठेवा नाहीतर दोन माणसं समजाल.

आणि लॉर्ड म्हणून नुसती आडवी रेघ दिसली, किंवा अमुक-शायर पलटणीच्या जागी रेघ आणि शायर, तर छपाईची चूक नाही ती. लेखक असं भासवायचे की माणसं खरी आहेत म्हणून नाव झाकलंय. १७४० च्या पॅमेलामध्ये तर नायकालाच पूर्ण आडनाव नाही, नुसता मिस्टर बी. अशा ठिकाणी अडून बसू नका.

आडनावाचा अर्थ शोधायचा का, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत, लेखक बघून ठरवा. इंग्रजी आडनावं आपल्यासारखीच बनलीत, धंद्यावरून स्मिथ म्हणजे लोहार, टेलर शिंपी, फ्लेचर बाण करणारा, कूपर लाकडी पिंपं करणारा, आपल्या कुलकर्णी-देशमुखांसारखी, आणि शेवटी टन, हॅम, ली असलेली गावावरून, आपल्या -करांसारखी. पण जेन फेअरफॅक्स किंवा एलिनॉर डॅशवूडच्या आडनावात अर्थ खणत बसलात तर हाती काही लागणार नाही, ऑस्टिनने बहुतेक आडनावं खऱ्या आयुष्यात सापडतील अशीच ठेवलीत. याउलट नाटकांत आणि रूपककथांत आडनाव म्हणजे पात्राच्या कपाळावरची पाटीच, शेरिडनच्या १७७७ च्या स्कूल फॉर स्कँडलमध्ये लेडी स्नीअरवेल आणि सर बेंजामिन बॅकबाइट, म्हणजे नाक मुरडणारी आणि पाठीमागे चावणारा. त्याच्याच मिसेस मॅलाप्रॉपवरून तर चुकीच्या जागी भलताच शब्द वापरण्याला इंग्रजीत नावच पडलं. ट्रोलपच्या बार्चेस्टर टॉवर्समध्ये मिस्टर क्विव्हरफुल नावाचा पाद्री आहे, चौदा मुलं त्याला, क्विव्हर म्हणजे बाणांचा भाता, बायबलच्या स्तोत्रात मुलांना बाणांची उपमा आहे आणि ज्याचा भाता भरलेला तो सुखी म्हटलंय. पाद्री गरीब आहे, चौदा तोंडं खाणारी, त्यामुळे हे नाव हसवतं तसं दुखवतंही.

डिकन्स मधला रस्ता घेतो आणि मला तो सगळ्यात आवडतो. त्याची नावं अर्थापेक्षा आवाजाने जास्त काम करतात. हार्ड टाइम्समधल्या ग्रॅडग्राइंड या नावातलं ग्राइंड म्हणजे दळणं हे कळलं नाही तरी दात खाल्ल्यासारखा आवाज ऐकू येतो. डेव्हिड कॉपरफिल्डमधल्या मर्डस्टोनमध्ये खून आणि दगड दोन्ही लपलेत आणि लहानग्या डेव्हिडच्या घरात तो सावत्र बाप म्हणून शिरतो तेव्हा आपलं अंग आधीच चोरलेलं असतं. तेव्हा डिकन्स वाचताना आडनाव मोठ्याने म्हणा. खरंच म्हणा, मनात नको.

उच्चारावरून एक आठवलं, इंग्रजी आडनावं स्पेलिंगवर जात नाहीत, सी-एच-ओ-एल-एम-ओ-एन-डी-ई-एल-ई-वाय एवढं लांब लिहून त्याचा उच्चार नुसता 'चम्ली', आणि बी-ई-ए-यू-सी-एच-ए-एम-पी म्हणजे 'बीचम'. जेन एअरमधला सेंट जॉन हाही 'सिंजन', त्याचं ते पहिलं नाव आहे, संत वगैरे नाहीये तो. ऑडिओबुक लावून एक प्रकरण ऐकलं की पुस्तकातली बहुतेक नावं कानात बसतात.

आता सगळ्यात अवघड पण सगळ्यात श्रीमंत गोष्ट, ज्या पुस्तकांत आडनाव हीच कथा आहे. एमिली ब्राँटेच्या वदरिंग हाइट्समध्ये लॉकवूड एका रात्री त्या घरात झोपतो आणि खिडकीपाशी रंगावर ओरखडून लिहिलेलं एक नाव त्याला पुन्हा पुन्हा दिसतं, कॅथरिन अर्नशॉ, कुठे कॅथरिन हीथक्लिफ, कुठे कॅथरिन लिंटन. तिसऱ्याच प्रकरणात. पहिल्यांदा वाचताना डोळे सरकून जातात. पण थांबा आणि वहीत लिहा, कारण ही कॅथरिन म्हणजे आई, तिचा प्रवास अर्नशॉपासून लिंटनकडे झाला, हीथक्लिफ हे नाव तिने फक्त खिडकीपाशी लिहिलं. आणि मुलगी, तिचंही नाव कॅथरिनच, ती जन्माने लिंटन, पहिल्या लग्नाने हीथक्लिफ, आणि शेवटी हेअरटनशी लग्न ठरतं तेव्हा अर्नशॉ होणार. आईने जिथून सुरुवात केली तिथे मुलगी येऊन पोचते. त्या खिडकीवर अख्खी कादंबरी ओरखडलेली आहे! आणि हीथक्लिफला आडनावच नाही, त्या घरातल्या वारलेल्या मुलाचं नाव त्याला दिलं आणि तेच पहिलं नाव, तेच आडनाव. ज्या समाजात आडनावावरून जमीन, जागा, लग्न सगळं ठरतं तिथे एका पोराला आडनाव द्यायचं राहून गेलं, आणि तो पुढे दोन आडनावांची दोन्ही घरं गिळतो. त्याच्या मुलाचं नाव काय? लिंटन हीथक्लिफ. शत्रूचं आडनाव पोराचं पहिलं नाव.

हार्डीच्या टेसमध्ये, १८९१ ची ही, पहिल्याच पानांवर एक पाद्री रस्त्यात टेसच्या बापाला 'सर जॉन' म्हणतो आणि सांगतो की तुमचं डर्बीफिल्ड हे जुन्या सरदार डर्बरव्हिल घराण्याचं बिघडलेलं रूप आहे. एवढं सांगणं त्या पोरीचा घात करतं. कारण ज्या श्रीमंत डर्बरव्हिलांकडे तिला नातं सांगायला पाठवतात त्यांनी ते आडनाव ब्रिटिश म्युझियममध्ये बसून, संपलेल्या घराण्यांच्या पुस्तकांतून निवडून आपल्या नावाला जोडलेलं असतं. खरे डर्बरव्हिल घोडागाडी हाकतात आणि खोटे हवेलीत राहतात. आडनाव असं घेणं नेहमी लबाडीचंच असायचं असं मात्र नाही, वारसा घेताना नाव बदलण्याची रीतसर पद्धत होती. एमातला फ्रँक चर्चिल हा मिस्टर वेस्टनचा सख्खा मुलगा, पण मामाकडे वाढला म्हणून चर्चिल झाला, आपल्या दत्तक जाण्यासारखंच. ऑस्टिनने हे घरातच पाहिलं होतं, तिचा भाऊ एडवर्ड नाइट कुटुंबात दत्तक गेला आणि १८१२ मध्ये ऑस्टिन सोडून एडवर्ड नाइट झाला. आणि पिपला मिळणाऱ्या मोठ्या संपत्तीची अट काय, तर त्याने कायम पिप हेच नाव ठेवायचं. लहानपणी जीभ वळत नव्हती म्हणून फिलिप पिरिपचं पिप झालेलं, तेच. ही अट कोणी घातली ते पुस्तक बरंच पुढे जाईपर्यंत कळत नाही, कळल्यावर परत येऊन वाचा.

ज्यांना मराठीत अनुवाद करायचाय त्यांना माझी कळकळीची विनंती, मिस्टर, मिस, मिसेस तसेच ठेवा, श्री, कुमारी, सौभाग्यवती करू नका, कारण त्यात थोरली-धाकटीचा हिशेब येत नाही. जिथे नाव बदलतं, मिस बेनेटचं एलिझाबेथ होतं, तिथे आपल्याकडचं तुम्ही-तू वापरा, त्याच ओळीत, एक ओळ आधी नाही.

एमाच्या शेवटाकडे लग्न ठरल्यावर मिस्टर नाइटली तिला म्हणतात की आता तरी मला मिस्टर नाइटली सोडून दुसरं काहीतरी म्हण. ती म्हणते, अशक्य, मी तुम्हाला मिस्टर नाइटलीच म्हणणार. मग लाजून, हसून एक वचन देते, की एकदा तुमचं पहिलं नाव घेईन, कधी ते सांगत नाही, पण कुठे ते तुम्ही ओळखाल, आणि ती जागा म्हणजे चर्च, लग्न लागतं ते. आपल्या आज्यांनी आयुष्यभर 'अहो' म्हटलं आणि लग्नात उखाण्यात तेवढं नाव घेतलं. तो परिच्छेद काढा आणि आधी एकदा इंग्रजीत, मग तिच्या तोंडी 'अहो' घालून वाचून बघा.